फळीचा पट्टा

"दुसऱ्याच्या घरी जायचं, त्यांचं ताट काट्यावर ठेवायचं, भात तोलायचा, मासा तोलायचा, आणि स्वतः घोटभर पाणीसुद्धा न पिता उठून जायचं! ही कुठली रीत म्हणायची? चोर घरात शिरला तरी जाताना डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकतो. हिला तेवढीही माणुसकी नाही."

थोरली मिठागराच्या बांधावर उभी राहून बोलत होती. बोलता बोलता तिनं टाच वाफ्यातल्या मिठावर दाबून बघितली. करकर वाजलं. मीठ धरलं होतं, पण अजून एक ऊन खायला हवं होतं.

"चोराला परीक्षा नसते, थोरल्या बाई," चिमणी म्हणाली. "तिला आहे."

चिमणी हे टोळीनं ठेवलेलं नाव. अंगानं बाई दाराच्या चौकटीएवढी, पण चिवचिव दिवसभर चालू.

"परीक्षा तिची आणि ताट माझं! उद्या हिला न्हाण्याची परीक्षा असली तर माझ्या मोरीत येऊन बसेल."

बाया हसल्या. थोरलीची सून फळीला जुंपलेली होती, तीही मान खाली घालून हसली, आणि हसता हसता एक हात पट्ट्याखाली घालून तिनं श्वास घेतला. ते कुणाच्या नजरेत आलं नाही. थोरलीच्याही नाही, आणि थोरलीच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

जिच्यावर हे तोंडसुख चाललं होतं तिला सगळी वस्ती काटेवाली म्हणायची. शहरातल्या कॉलेजात ती मोठ्या पदवीचा अभ्यास करत होती. कष्टकरी घरातल्या गरोदर बाया काय खातात, किती खातात, त्यांना कोण वाढतं, ताटात काय उरतं, हा तिचा विषय. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला वस्तीतली काही घरं दाखवली, त्यात थोरलीचं घर आलं, कारण सुनेला पाचवा लागला होता. पहिलटकरीण.

थोरली शाळेत गेली होती ती स्वतःचं नाव लिहिता येईपर्यंत. पुढं शाळेकडे शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं ती सांगायची. पण टोळी चालवायला जे लागतं ते तिच्याकडे होतं. वाऱ्याचा वास ओळखणं, पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं ते, आणि मालकाच्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं. मिठागरावर बायांची टोळी आणि टोळीला बाईच मुकादम, हे तिच्यापासून सुरू झालं. तेव्हा पुरुष हसले होते. आता त्यांची टोळी तिच्या टोळीकडे बघून वाफे उचलायची.

काटेवाली पहिल्यांदा घरी आली ती दिवेलागणीच्या आधी. सडपातळ, पाठीवर पिशवी. चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या, हे थोरलीला बरं वाटलं होतं. मग तिनं पिशवीतून स्वच्छ फडकं काढून जमिनीवर अंथरलं, त्यावर चपटा काटा मांडला आणि म्हणाली, "मावशी, रोज वाढता तसंच वाढा. माझ्याकडे लक्षच देऊ नका."

घरात परकी बाई काटा मांडून बसलीय, आणि लक्ष देऊ नका!

थोरलीनं सुनेच्या हातातला डाव काढून घेतला. रोज सून सगळ्यांना वाढायची आणि मग स्वतःचं घेऊन मागच्या दारात बसायची. तिथं शेळीच्या गोठ्यावरून वारा यायचा. त्या दिवशी सुनेचं ताट सासूनं वाढलं. भाताचा डोंगर केला. त्यावर डाळ, बाजूला माशाचा मधला तुकडा, जो एरवी तिच्या नवऱ्याचा, म्हाताऱ्याचा, पालेभाजी, आणि दोन उकडलेली अंडी.

"आई, एवढं नाही जाणार मला."

"गप. तुला कोण विचारतंय? दोघांचं खायचंय तुला."

म्हातारा भिंतीला टेकून पाटी विणत होता. त्यानं मान वर केली. "मला नाही का अंडं?"

"तुम्हाला दिवस गेलेत का?"

म्हाताऱ्यानं मान परत पाटीत घातली.

काटेवालीनं ताट काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला. थोरली पुढं वाकून बघत होती, जसं काही बाजारात आपल्याच मालाचा भाव लागतोय. "किती भरलं? शेजारणीपेक्षा जास्त की कमी?"

"ते सांगता येत नाही, मावशी."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

"बरं. नको सांगू. हे दुसरं ताट तुझं. बस."

पोरगी गोंधळली. तिच्या ओठांवरून जीभ फिरली, भूक लागली होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण म्हणाली, "अभ्यासाच्या घरात जेवायचं नाही असा आमचा नियम आहे. मी जेवले तर तेवढं तुमच्या घरातलं कमी होतं. मोजमाप चुकतं."

"माझ्या घरात एका ताटानं कमी पडतं?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"म्हणायचं नव्हतं तरी म्हणालीस."

वाढलेलं ताट तसंच राहिलं. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं ते हळूच आपल्याकडे ओढलं. थोरलीच्या हातचं ताट आजवर कुणी नाकारलं नव्हतं. आणि नाकारलं कुणी, तर एका काटकुळ्या पोरीनं, तेही गोड बोलून. शिवी दिली असती तर शिवीनं फिटलं असतं.

सुनेचं ताट मागच्या दारातून परत आलं ते चाटूनपुसून. थोरलीनं ते काटेवालीसमोर आदळलं. "तोल आता. काय उरलंय ते तोल."

पुढच्या वेळीही तसंच, त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. फक्त एकदा, काटेवाली ताट आणायला स्वतःच मागच्या दारी गेली आणि बऱ्याच वेळानं परतली. चेहरा लाल.

"शेळीनं शिंग मारलं की काय?" थोरलीनं विचारलं.

"नाही," पोरगी म्हणाली, आणि वही उघडून नुसतीच बसून राहिली.

मिठागरात मीठ ओढायची रीत अशी. फळी म्हणजे माणसाच्या हाताएवढा रुंद लाकडी पाट, खाली लोखंडी पट्टी, मागं दांडा, पुढं दोन दोर. पुढची बाई कमरेला पट्टा लावून दोर ओढते, मागची दांडा दाबून फळी जमिनीला धरते. दोघींचं पाऊल एक पडलं तर मीठ पापडीसारखं सुटून बांधाला येतं. नाही पडलं तर खालचा चिखल वर येतो आणि सगळ्या वाफ्याचं मीठ काळं पडतं. पुढच्या बाईचा मान मोठा. तिथं पोचायला पाट्या वाहाव्या लागतात, मग रास लावावी लागते, मग मागचा दांडा, मग पट्टा. सून तीन हंगामांत तिथं पोचली होती, आणि अर्ध्या टोळीचं म्हणणं होतं की सासूच्या कडेवर बसून पोचली.

पट्ट्याला एकच भोक. हा नियम थोरलीचा. मागं एकदा एक बाई ढगळ कपड्याखाली पोट लपवून फळी ओढत राहिली आणि बांधावरच तिच्या पायाखालचं मीठ लाल झालं. मूल गेलं. बाई वाचली, पण पुन्हा मिठागरावर आली नाही. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला थोरली प्रत्येकीच्या कमरेला पट्टा लावायची, दोन बोटं सैल ठेवायची आणि दाभणानं एक भोक पाडायची. हुक भोकात बसला तर ओढा, नाही बसला तर घरी जा. विचारणं नाही, रडणं नाही, शपथा नाहीत. "पट्टा कुणाची लेक बघत नाही, कुणाची सून बघत नाही," असं ती छाती काढून सांगायची.

दुसरा नियम तिचा नव्हता. तो मिठागराइतकाच जुना. फळी सुटली की जागा सुटली. पुढच्या हंगामाला पुन्हा पाटीपासून सुरुवात.

या दोन नियमांच्या मध्ये सून उभी होती. हंगाम सरत आला होता. रोज सकाळी सगळ्यांसमोर ती पट्टा कमरेला घ्यायची, श्वास आत ओढायची, हुक बसायचा. चिमणी मागं दांड्यावर असायची. ती म्हणायची, "काय गं, पोर पोटात आहे की पाठीत?"

"माझी सून काटक आहे," थोरली म्हणायची. "मलासुद्धा सातव्यापर्यंत दिसत नव्हतं."

"तुमचं कसं दिसणार, तुमच्याकडे बघायची कुणाची छाती होती?"

या हंगामाचं ऊन वाईट होतं. मीठ धरायच्या दिवसांत ढग यायला लागले. अजून बरसत नव्हते, नुसते क्षितिजावर गुरांसारखे बसून असायचे, आणि दुपारनंतर उठून एक चक्कर मारून जायचे. पावसाची एक सर आली तर उभं मीठ विरघळून खाडीला जाणार. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला की जे धरलंय ते उचला, वाट बघू नका. टोळी उजाडताच वाफ्यात उतरायची. तळपायाच्या भेगांत मीठ गेलं की बाया दातावर दात दाबायच्या. पायांना तेल चोपडून वर टायरच्या चपला बांधल्या तरी पाणी आत जायचंच. थोरलीचे गुडघे संध्याकाळी दगडासारखे व्हायचे. पुढच्या हंगामाला आपण बांधावर किती उभ्या राहू, हे तिचं तिला कळत होतं. टोळी कुणाच्या हाती द्यायची तेही तिनं मनात ठरवलं होतं. मुलगा मिठाचा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. सून मात्र वाफ्यात पाऊल टाकायची तेव्हा थोरलीला आपलंच तरणं पाऊल दिसायचं. हे ती कुणाला बोलली नव्हती. सुनेला तर नाहीच. तोंडावर कौतुक केलं की माणूस सैल पडतो.

अशात एका संध्याकाळी म्हातारा म्हणाला, "शेळीनं वजन धरलंय."

"गाभण असेल."

"बोकड कुठाय?"

थोरलीनं मागच्या दारातून बघितलं. शेळी खरंच चकाकत होती. पाठ रुंद झाली होती, दावं गळ्याला घट्ट बसलं होतं. आजूबाजूला तर गवताची काडी नव्हती. खाऱ्या जमिनीत उगवतंय काय? वस्तीतल्या बाकीच्या शेळ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"पोरं टाकत असतील काहीतरी," ती म्हणाली आणि गुडघ्याला तेल लावायला बसली. बारीकसं काहीतरी मनाला टोचलं, पण दमलेल्या माणसाला टोचलेलं काढायलाही ताकद लागते.

त्याच आठवड्यात काटेवाली सुनेचं वजन करायला आली. माणसाचा काटा वेगळा, पायाखाली घ्यायचा. सून त्यावर चढली, उतरली. काटेवालीनं आकडा बघितला आणि पुन्हा चढायला सांगितलं. पुन्हा तोच.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं. "वाढलंय ना?"

काटेवालीनं सुनेकडे बघितलं. सुनेनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, जावाजावांमध्ये असतं तसलं. "ताईंनाच विचारा," काटेवाली म्हणाली. "त्यांचं वजन त्यांचं आहे. मी नाही सांगू शकत."

"माझ्या घरात जेवून झालेलं वजन!"

"वाढलंय, आई," सून म्हणाली. "थोडं."

जाताना काटेवाली उंबऱ्यावर थांबली. "ताईंना फळीचं काम थोडं कमी करता येईल का?"

"का? पट्टा बसतोय तिचा."

"नाही, सहज विचारलं."

"सहज विचारायला तू शहरातून एवढ्या लांब येत नाहीस. बोलायचं असेल तर बोल."

पोरीनं पिशवी पाठीवर घेतली. मग ती चपला घालून निघून गेली.

क्षितिजावर बसणारे ढग ज्या दिवशी उठून डोक्यावर येऊन थांबले, त्या दिवशी टोळीनं सकाळपासून पाठ वर केली नव्हती. वारा खाडीकडून यायचा तो फिरला होता. थोरली बांधावरून ओरडत होती, "पाऊल धरा! पाऊल! चिखल वर येतोय!" काटेवालीही आली होती. बाया कामावर दुपारचं काय खातात ते तिला बघायचं होतं, पण त्या दिवशी दुपारचं खायला कुणी थांबलंच नव्हतं. ती बांधावर पिशवी छातीशी धरून उभी होती, वाटेत आलेल्या वासरासारखी.

"बाजूला हो," थोरली म्हणाली. "नाहीतर पाटी उचल."

तिनं खरंच पाटी उचलली. अर्धी भरलेली. दोन खेपांत तिचे तळवे सोलले, पण खाली ठेवली नाही.

शेवटच्या मोठ्या वाफ्यात सून आणि चिमणी होत्या. फळी अर्ध्यात आली आणि सून थांबली. चिमणीला वाटलं दम घेतेय. मग सून हळूच खाली बसली, गुडघ्यावर, मग हातांवर, जसं कुणी काहीतरी हरवलेलं शोधतंय. दोर सैल पडले.

"थोरल्या बाई!"

थोरली गुडघे विसरून वाफ्यात उतरली. सुनेचे ओठ मिठासारखे पांढरे. कपाळावर घाम, हात गार. थोरलीनं तिला मांडीवर घेतलं आणि पट्ट्याचा हुक काढायला गेली. हुक निघेना. एवढा ताणलेला होता की चिमणीला दोन्ही बाजूंनी कमर दाबावी लागली. पट्टा सुटला तेव्हा सुनेच्या तोंडातून एक मोठा श्वास बाहेर आला, बांध फुटून पाणी यावं तसा. कपडा सरकवून थोरलीनं बघितलं. पट्ट्याचा लाल-काळा वळ पोटावरून पाठीपर्यंत गेला होता. वळाच्या वर बरगड्या. वळाच्या खाली, घट्ट, लहानसं, वाटीएवढं पोट.

थोरलीचा हात त्या बरगड्यांवर फिरला. एक, मग दुसरी. भाताचे डोंगर, माशाचे मधले तुकडे, अंडी. हे सगळं कुठं गेलं?

तिनं मान वर केली. चिमणी रडायच्या बेतात होती. बाकीच्या बाया तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांत आश्चर्य. एकटी काटेवाली होती जिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती.

"शेळी," थोरली म्हणाली.

काटेवालीनं मान हलवली. हो म्हणून.

"तुला ठाऊक होतं."

"ताईंनी शब्द घेतला होता. मी त्यांना सांगत होते, खा म्हणून, नर्सबाईंना तरी दाखवा म्हणून..."

"नंतर बोलू." थोरलीनं तिला हातानंच थांबवलं आणि सुनेकडे वळली. "आणि तू? का गं बाई?"

सुनेच्या ओठांना कुणीतरी पाणी लावलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "हुक बसायला हवा होता, आई. थोडेच दिवस राहिले होते. फळी सुटली असती तर सगळ्या म्हणाल्या असत्या, सासूमुळं आली आणि पोटामुळं गेली. नंतर खाणार होते मी. हंगाम झाल्यावर."

"पोटातलं तुझ्या हंगामाला थांबणार होतं?"

सुनेच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं.

मीठ न्यायची हातगाडी आणली. त्यावर गोणपाटं टाकली, सुनेला निजवलं. काटेवाली आणि दोन बाया गाडी घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागल्या. थोरलीनं एक पाऊल त्यांच्यामागं टाकलं आणि थांबली. वर ढग, समोर अर्धा ओढलेला वाफा, आणि टोळी तिच्या तोंडाकडे बघतेय. हुक काढावा लागला. फळी सुटली. आता जागा कुणाची, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो वाफ्यात उभा होता.

दुसऱ्या फळीवर मागचा दांडा धरणारी एकजण पुढं आली. "मी घेते पट्टा, थोरल्या बाई. नियमानं माझा नंबर आहे."

तिचं चुकीचं नव्हतं. थोरलीनं चिखलातला पट्टा उचलला. बोटानं भोक चाचपलं. तिनंच पाडलेलं, दाभणानं. आजवर तिला वाटत होतं की या भोकातून बाई दिसते. दिसत होती फक्त कमर.

"जागा सुटली तर नंबर," ती म्हणाली. "जागा सुटलेली नाही. माझ्या घरची आहे, माझ्या घरचं माणूस उभं आहे." आणि तिनं पट्टा स्वतःच्या कमरेला लावला.

पट्टा अर्ध्यातच संपला. हुक एका कुशीला, भोक दुसऱ्या कुशीला, मध्ये थोरलीचं वयानं आलेलं पोट. तिनं श्वास आत घेतला. पोटाला काही फरक पडला नाही.

कुणी हसलं नाही. मग चिमणीच म्हणाली, "थोरल्या बाई, या पट्ट्याच्या हिशेबानं तुम्हाला नववा चालू आहे."

आणि थोरलीच आधी हसली. डोळे पुसत हसली. मग सगळी टोळी हसली, भीती निघून जाताना माणूस हसतो तसं.

"ऐका," ती म्हणाली, आणि डोक्याचं फडकं सोडून तिनं हुक आणि भोक यांच्यामध्ये गाठ मारली. "आजपासून ज्या बाईला दिवस जातील तिनं मला तोंडानं सांगायचं. पोटानं नाही, पट्ट्यानं नाही, तोंडानं. सांगितलं की ती फळीवरून उतरेल, आणि रास लावायला बसेल. तिच्या जागेवर तिच्या घरचं कुणीतरी ओढेल. सासू ओढेल, नणंद ओढेल, नवरा ओढू दे, कमरेला पट्टा लावून बायांच्या टोळीत. त्याचंही वजन उतरेल. बाळंत होऊन आली की जागा तिची. आणि जिच्या घरी कुणीच नाही तिच्या जागेवर मी."

"तुमच्या गुडघ्यांनी?" नंबरवाली म्हणाली.

"गुडघे माझे आहेत. तू तुझा दांडा बघ." मग आवाज जरा खाली आणून, "तुझ्या वेळेलाही हेच लागू आहे, लक्षात ठेव."

चिमणीनं दांडा धरला. थोरलीनं दोर ताणले. पहिल्या पावलाला गुडघ्यातून कळ डोक्यात गेली, दुसऱ्याला डोळ्यांपुढं अंधारी आली, तिसऱ्याला पाऊल सापडलं. जुनं पाऊल, कुठं जात नाही. वाफा संपेस्तोवर सर आली नाही. राशींवर झावळ्यांची झापं टाकून झाली आणि मग आली.

सुनेला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. बाळाचे ठोके नीट होते. बाळ लहान होतं, आईच्या अंगात रक्त कमी होतं, आणि नर्सबाईनं थोरलीला जे सुनवायचं ते सुनावलं. थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. परत आल्यावर सून मागच्या दारात जेवायला बसली नाही. चुलीशेजारी, थोरलीच्या समोर बसली. ताटात डोंगर नव्हता. जेवढं मागितलं तेवढं, आणि थोड्या वेळानं पुन्हा थोडं, असं नर्सबाईनं सांगितलं होतं. एकदा सून म्हणाली, "आई, गुडघे शेकू का?" थोरली म्हणाली, "आधी ते अंडं संपव." एवढंच. बाहेर शेळी दोन्ही वेळेला बें-बें करून घर डोक्यावर घ्यायची. तिचा हंगाम संपला होता.

काटेवाली आली ती पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी. चपला जोडून ठेवल्या. तळव्यांवर पट्ट्या होत्या. या वेळी फडकं अंथरलं नाही, काटा काढला नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"मावशी, मी सांगायला आले. आमच्या मॅडमशी बोलले मी. या घरातली मोजमापं आता धरता येणार नाहीत. ताटात जे होतं ते ताईंच्या पोटात गेलं नाही. माझ्या अभ्यासातून हे घर काढावं लागतंय."

म्हाताऱ्याचे हात थांबले. सुनेनं घास तसाच धरला. निवडलेली बाकी सगळी घरं अभ्यासात, आणि थोरलीचं घर गाळलेलं! थोरलीच्या नाकपुड्या फुगल्या.

"आणि मी माफी मागायला आले," पोरगी म्हणाली. "मला कळत होतं. पहिल्या महिन्यातच कळलं. मी शब्द मोडायला हवा होता की नको, मला अजून ठरवता येत नाहीये. मोडला असता तर ताईंनी मला पुन्हा काही सांगितलं नसतं. इतर बायांनीही नाही. नाही मोडला तर हे झालं. मी रोज विचार करते."

"मीच धरून ठेवलं होतं तिला," सून म्हणाली. "पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं होतं."

थोरलीनं पोरीकडे बघितलं. सोललेल्या तळव्यांकडे. गळ्याच्या हाडांकडे, तीही मोजून घ्यावीत अशी. दिवसभर ही पोर घरोघरी अन्न तोलते, आणि कुठल्यातरी कोरड्या बिस्किटावर दिवस काढत असणार. हिची आई कुठंतरी बसून काळजी करत असेल. की हिच्याही घरी मागच्या दारी एखादी शेळी आहे?

तिनं चुलीजवळचं दुसरं ताट ओढलं. भात घातला. डाळ घातली. माशाचा मधला तुकडा घातला. म्हाताऱ्यानं तो तुकडा जाताना बघितला आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

"हे बघ, पोरी," थोरली म्हणाली. "देवानं माणसाला तोंड दिलंय ते दोन कामांना. खायला आणि बोलायला. माझ्या घरात येऊन तू दोन्ही केली नाहीस. बोलली नाहीस ते मी सोडून देते, तुझा शब्द गेला होता आणि शब्दाला किंमत असते. चुकलीस की नाही ते मलाही ठरवता येत नाही, आणि मला ठरवता येत नाही असं फारसं काही नसतं. पण जेवली नाहीस ते मी सोडणार नाही. तुझा नियम अभ्यासाच्या घराला होता ना? आता माझं घर तुझ्या अभ्यासात नाही. म्हणजे नियम गेला. हात धू आणि बस."